धाकटा अजिंठा

बीड जिल्ह्यातला नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचं ठाणं. वारकरी त्याला 'धाकटी पंढरी' म्हणतात. आषाढीच्या तोंडावर पेरणी अडते, कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाच्या गाठीला प्रवासापुरते पैसे नसतात. ज्याला पंढरपूर गाठणं जमत नाही, तो गडावर जाऊन येतो. "तिथं गेलं काय नि हितं आलं काय, इठोबा एकच," असं आमची आजी म्हणायची. तिच्या बोलण्यात कमीपणाचा सूर नसायचा. धाकटी पंढरी ही थोरल्या पंढरीची पडछाया आहे, असं तिला कधी वाटलं नाही.

आमच्या भागात 'नक्कल' या शब्दालाही असंच वजन आहे. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल काढली की तिच्यावर कर्ज मिळतं आणि कोर्टात दावा चालतो. खरी नोंद दप्तरात धूळ खात पडते, गावभर फिरते ती नक्कलच. पुढं शहरात आलो आणि कळलं, की चित्रकलेत मात्र 'नक्कल' म्हणजे जवळजवळ शिवी आहे.

अजिंठा पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. एसटीनं बीडहून गेवराई, शहागड, पाचोड असं करत औरंगाबाद, तिथून दुसऱ्या दिवशी सिल्लोडवरून फर्दापूर. पहिल्या लेण्यात शिरलो तेव्हा डोळ्यांपुढं नुसता अंधार. बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसानं पांढऱ्या पत्र्यावर ऊन झेलून आत फेकलं आणि भिंतीवरून एक चेहरा हळूच पुढं आला. हातात निळं कमळ, पापण्या खाली झुकलेल्या, मान किंचित कललेली. पद्मपाणी. दुसऱ्या क्षणी पत्रा हलला आणि चेहरा पुन्हा भिंतीत गेला. त्या वयात एवढंच वाटलं, की हे घरी नेता आलं पाहिजे.

तसं वाटणारी माणसं आमच्याआधी खूप होऊन गेली होती. त्यांनी ते नेलंही, लंडनला आणि टोकियोला. त्यातलं बरंचसं जळून कसं गेलं, याची ही हकीकत.

२८ एप्रिल १८१९ या दिवशी जॉन स्मिथ नावाच्या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हापासून अजिंठ्याचा 'शोध' मोजतात. वाघूर नदीच्या काठावर लेणापूर गाव होतं, तिथल्या गुराख्यांना लेणी ठाऊक होती, पण त्यांनी कुठं तारीख कोरून ठेवली नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बातमी पसरली, साहेब लोक येऊ लागले आणि जाताना आठवण म्हणून गिलाव्याचे तुकडे काढून नेऊ लागले. हा गिलावा म्हणजे माती, भाताचा भुसा, शेण यांचा थर आणि वर चुन्याचा पातळ हात. दीड हजार वर्षांचा असा थर खरवडून काढला की त्याचा चुरा होणारच. जेम्स बर्ड नावाच्या डॉक्टरानं मुंबईच्या संग्रहासाठी काढलेल्या चित्रांचं तेच झालं.

१८४३ साली जेम्स फर्ग्युसननं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढं निबंध वाचला. ही चित्रं नष्ट होणार आहेत, तोवर निदान त्यांच्या नकला तरी करून घ्या, असा त्याचा आग्रह होता. ईस्ट इंडिया कंपनीनं तो मानला आणि मद्रास फौजेतला चित्रकार अधिकारी रॉबर्ट गिल याला कामावर लावलं. १८४४ साली हुकूम निघाला. पुढची जवळजवळ वीस वर्षं गिल अजिंठ्यात राहिला. गिल आणि त्याची इथली प्रेयसी पारो यांची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. ना. धों. महानोरांनी तिच्यावर काव्य लिहिलं आणि त्यावर सिनेमाही झाला. अजिंठा गावातल्या पारोच्या कबरीवर १८५६ हे साल आहे. पण त्या प्रेमकहाणीच्या गोडीत गिलचं काम मागं पडतं, अशी माझी तक्रार आहे. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांच्या वासात, भिंतीएवढ्या कॅनव्हासवर तैलरंगात हा माणूस वर्षानुवर्षं एकेक चित्र उतरवत होता. ते कॅनव्हास बैलगाडीनं आणि मग जहाजानं लंडनला पोचले आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले. लोखंड आणि काचेचा तो महाल म्हणजे त्या काळातलं जगाचं संग्रहालयच होतं. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्याच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं वाचली, बाकी सगळी गेली. १८७९ साली गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

दुसरी फेरी आपल्या मुंबईची. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि हे काम १८८५ पर्यंत चाललं. त्या मुलांत पेस्तनजी बोमनजी होते, पुढं नावाजलेले चित्रकार. जगन्नाथ अनंत होते, त्यांचं नाव आज लंडनच्या नोंदींमध्ये सापडतं. या मुलांना शाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून चित्रकला शिकवत. अजिंठ्यात त्यांना पहिल्यांदा आपल्या मातीतला गुरू भेटला आणि तो भेटला नक्कल करता करता. तीनशेच्या आसपास चित्रं झाली. त्यातली काही सहा मीटर लांब होती. मुंबईहून ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला गेली आणि १८८५ साली तिथल्या आगीत शंभरावर चित्रं जळाली. ग्रिफिथ्सनं उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढले. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांची मिळून दीडशेच्या वर चित्रं आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या कोठारात आहेत. १९५५ नंतर ती कायमची अशी कुठल्या भिंतीवर लागली नाहीत.

एक हिशेब मात्र ग्रिफिथ्सच्या नावावर लिहायलाच हवा. चित्र नीट दिसावं म्हणून त्याच्या मंडळींनी मूळ भिंतींवर व्हार्निशचा हात दिला. त्या वेळी रंग उजळले, पण पुढं तेच व्हार्निश पिवळं-काळं पडलं आणि सोलताना रंगही घेऊन निघालं. म्हणजे नक्कल पुरती वाचली नाही आणि असलालाही दुखापत झाली.

१९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम आली. तिच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही कलकत्त्याची मुलं होती आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमदही होते. त्या नकला १९१५ साली पुस्तकात आल्या आणि टिकल्या. सय्यद अहमद पुढं अजिंठ्याच्याच देखभालीला राहिले. हा अध्याय थोडक्यात आटोपतो, कारण इथं काही जळलं नाही आणि मला घाई आहे ती जपानची.

जपानी माणसाला अजिंठा परका नव्हता. नारा शहराजवळच्या होर्युजी मंदिराच्या सोनेरी दालनात, म्हणजे तिथल्या 'कोंदो'त, सातव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या बारा भिंती होत्या. त्यांतल्या सहाव्या भिंतीवर अमिताभ बुद्धाच्या बाजूला उभा असलेला बोधिसत्त्व पाहिला की पद्मपाणीच आठवतो. तीच झुकलेली मान, तेच अर्धे मिटलेले डोळे. वाघूरच्या काठावरून मध्य आशिया, चीन, कोरिया असा प्रवास करत ती मान जपानला पोचली, असं तिथले अभ्यासक मानत आले. जपानी कलाअभ्यासक ओकाकुरा काकुझो १९०२ साली भारतात आला तेव्हा अजिंठाही पाहून गेला. आपल्याकडची मुंबईची मुलं अजिंठ्यात गुरू शोधत होती, तर जपानी चित्रकार तिथं आपल्या आजोबांचं घर शोधत होते.

अराई काम्पो हा त्यांतला. १८७८ साली तोचिगी भागात जन्मला. त्याचा पोटापाण्याचा धंदाच नकलेचा. ओकाकुरानं १८८९ साली काढलेल्या 'कोक्का' या कलाविषयक मासिकासाठी तो जुन्या चित्रांच्या नकला करी आणि त्यांवरून मासिकाचे रंगीत ठसे निघत. जपानी परंपरेत हे हलकं काम नव्हे. 'मोशा' म्हणजे जुन्या गुरूचं चित्र रेषेगणिक, श्वासागणिक उतरवणं, ही चित्रकाराची साधना समजतात. आपल्याकडे हातानं ज्ञानेश्वरीची पोथी उतरवणाऱ्याकडे ज्या नजरेनं पाहत, तशीच ही नजर. पोथी उतरवणारा ज्ञानेश्वरांची चोरी करतो असं कुणी म्हटलं नाही.

१९१६ साली रवींद्रनाथ टागोर जपानला गेले. योकोहामात हारा तोमितारो या रेशीमव्यापाऱ्याच्या सांकेइएन बागेत त्यांचा मुक्काम होता. तिथं त्यांनी शिमोमुरा कान्झानचं 'योरोबोशी' हे चित्र पाहिलं. फुललेल्या झाडाखाली एक आंधळा भिक्षेकरी मावळत्या सूर्याकडे तोंड करून हात जोडतो आहे. टागोर त्या चित्रानं इतके भारावले, की त्यांना ते भारतात न्यायचं होतं. मूळ चित्र मिळणं शक्य नव्हतं, म्हणून नक्कल करायचं ठरलं आणि ती करायला अराई काम्पोला बोलावणं आलं. त्याचा हात चालताना पाहून टागोरांनी त्याला कलकत्त्याला यायचं निमंत्रण दिलं. नकलेच्या निमित्तानं जुळलेली ही ओळख त्याला दुसऱ्या, फार मोठ्या नकलेपर्यंत घेऊन गेली.

काम्पो टागोरांच्या जोडासांकोच्या वाड्यात राहिला. तिथल्या मुलांना त्यानं शाईचं आणि कुंचल्याचं काम शिकवलं, स्वतः बरंच शिकला आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात 'कोक्का'च्या वतीनं अजिंठ्यात उतरला. गिलजवळ तैलरंग आणि कॅनव्हास होता, काम्पोजवळ पातळ जपानी कागद आणि केसाळ कुंचला. माझ्या मते त्यानं फार फरक पडला असणार. अजिंठ्याचा जीव रेषेत आहे. ओठांची कड, बोटांचं वळण, नाकाची धार हे सगळं एका दमात ओढलेल्या लाल-काळ्या रेषेवर उभं आहे, रंग मागून येतो. युरोपी शिक्षण घेतलेला हात आधी छाया-उजेड पाहतो. जपानी हात आधी रेष पाहतो. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात ज्या अनाम कारागिरांनी ही लेणी रंगवली, त्यांना जगात कुणाची भाषा दुभाष्याशिवाय कळली असती, तर ती काम्पोची.

या नकला जपानला गेल्या आणि टोकियोच्या इंपीरियल विद्यापीठात ठेवल्या गेल्या.

टोकियो त्या वेळी आशियातलं संग्रहालयांचं शहर बनत चाललं होतं. उएनोच्या बागेत जोसाया काँडर या इंग्रज वास्तुशिल्पीनं बांधलेली शाही संग्रहालयाची लाल विटांची इमारत होती. शेजारी १९०९ साली खुली झालेली घुमटाची ह्योकेइकान ही इमारत. तिकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसरं एक भारतीय धन होतं. ऋग्वेदाची छापील आवृत्ती काढणारा माक्स म्युलर, आपल्या जुन्या पंडितांचा 'मोक्षमुल्लर भट्ट', १९०० साली वारला. मित्सुबिशीच्या इवासाकी घराण्यानं त्याचा सगळा ग्रंथसंग्रह विकत घेऊन या विद्यापीठाला दिला होता. म्हणजे वेद आणि अजिंठा, दोन्ही टोकियोत एकाच आवारात येऊन राहिले होते. हिंदुस्थानातल्या कुठल्याही विद्यापीठाला तेव्हा ते साधलं नव्हतं.

१ सप्टेंबर १९२३. शनिवार. दुपारी बाराला दोन मिनिटं कमी. टोकियोत घरोघरी चुली आणि शेगड्या पेटलेल्या होत्या, जेवणाची वेळ होती. जमीन हादरली. घरं लाकडाची आणि कागदाची, त्यात वारा सुटलेला. भूकंपानं पाडलं त्याहून कितीतरी जास्त आगीनं खाल्लं. टोकियो आणि योकोहामा मिळून एक लाखाहून जास्त माणसं गेली. उएनोच्या बागेत जीव वाचवायला आलेल्या लोकांची दाटी झाली. काँडरची इमारत अशी खिळखिळी झाली, की तिच्या जागी नवी इमारत खुली व्हायला १९३८ साल उजाडलं. ह्योकेइकान मात्र उभी राहिली. विद्यापीठाचं ग्रंथालय जळालं आणि त्यात लाखो पुस्तकं गेली. मोक्षमुल्लर भट्टाचा संग्रह त्यातच गेला आणि विद्यापीठात ठेवलेल्या काम्पोच्या अजिंठ्याच्या नकलाही.

लंडन, लंडन, टोकियो. साठ वर्षांच्या आत अजिंठा तीनदा जळाला आणि वाघूरकाठचा मूळ अजिंठा तिन्ही वेळा जागच्या जागी होता. छताला वटवाघळं, पावसाळ्यात भिंतींवर ओल, पण होता. ज्याला वाचवायचं म्हणून हा खटाटोप झाला ते वाचलं, आणि वाचवण्याचं साधन गेलं. या काळात लेणी निजामाच्या हद्दीत होती. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन जाणकार बोलावून सुटलेला गिलावा चिकटवून घेतला. त्यांनीही लाखेचा लेप दिला आणि तोही पुढं पिवळा पडला, हे सांगितलं पाहिजे. गुलाम याझदानींनी १९३० पासून छायाचित्रांचे चार खंड काढले. छायाचित्र आलं आणि हातानं नक्कल करणाऱ्याची गरज संपली असं लोकांना वाटू लागलं.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना तसं वाटलं नाही. हा राजा स्वतः चित्रकार. चित्रकारांना घेऊन तो अजिंठ्याला गेला, नकला करवल्या, १९३२ साली पुस्तक लिहिलं, आणि त्या नकला औंधच्या डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयात ठेवल्या. लंडन-टोकियोच्या मानानं औंध म्हणजे खेडं. पण तिथं आग लागली नाही आणि साताऱ्याकडचा माणूस अजूनही तिथं जाऊन अजिंठा पाहू शकतो. धाकटा अजिंठा शोधायचाच तर मी तो तिथं शोधेन.

काम्पोची गोष्ट मात्र १९२३ ला संपत नाही. १९४० साली जपान सरकारनं होर्युजीच्या भिंतींच्या नकला करायला घेतल्या. चार तुकड्या केल्या, एकीचा प्रमुख साठी ओलांडलेला अराई काम्पो. ज्या बोधिसत्त्वाचं मूळ तो वाघूरकाठी पाहून आला होता, त्याच्याच जपानी नातवंडांपुढं तो आता बसला. अंधाऱ्या दालनात मूळ रंगांना इजा न होता दिसावं म्हणून ट्यूबलाइट लावल्या होत्या. त्या दिव्यांचा जपानमधला हा अगदी सुरुवातीचा वापर. युद्ध सुरू झालं, तरुण मदतनीस लष्करात गेले, काम रेंगाळलं. एप्रिल १९४५ मध्ये, नक्कल अर्धी असताना, काम्पो वारला. त्याच्या गावी आज त्याच्या चित्रांचं संग्रहालय आहे.

युद्ध संपल्यावर काम पुन्हा सुरू झालं. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोंदोला आग लागली. नक्कल करणारे चित्रकार थंडीत ऊब घ्यायला विजेवरची गादी वापरत, तिच्यापासून ठिणगी उडाली असा संशय घेतला गेला. बारा भिंतींवरचे रंग करपले. साडेबाराशे वर्षं टिकलेला बोधिसत्त्व नक्कल करणाऱ्याच्या गादीनं गेला, ही गोष्ट काम्पोला ऐकायला लागली नाही, हे एक बरं.

या वेळी उलटं झालं होतं. असल गेलं आणि नकला उरल्या. १९३५ साली क्योटोच्या बेनरीदो या मुद्रणालयानं काढलेली भिंतींच्या पूर्ण आकाराची छायाचित्रंही उरली. जपानी माणसं फार हळहळली. पुढच्याच वर्षी, १९५० साली, सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा झाला. १९५५ पासून दर २६ जानेवारीला मंदिरांमध्ये, संग्रहालयांमध्ये पाण्याचे फवारे उडवून आग विझवण्याचा सराव करतात. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असतं.

करपलेल्या भिंती त्यांनी फेकल्या नाहीत. सांगाड्यासकट उचलून त्या मंदिराच्या आवारातल्या कोठारात जशाच्या तशा उभ्या केल्या. त्या सहसा कुणाला दाखवत नाहीत. कोंदो पुन्हा बांधला. त्याच्या रिकाम्या भिंतींवर काय लावायचं यावर बराच खल झाला आणि १९६७-६८ मध्ये यासुदा युकिहिको आणि माएदा सेइसोन यांच्या देखरेखीखाली छायाचित्रांच्या आणि जुन्या नकलांच्या आधारे बारा भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या.

त्या आज तिथं आहेत. बाहेरगावाहून आलेल्या म्हाताऱ्या बायका दाराशी पादत्राणं नीट करतात, आतल्या मंद उजेडात सहाव्या भिंतीपुढं थांबतात आणि हात जोडतात.